पंचवीस चिलखते मागवण्यापूर्वी

#धागा #मराठा_इतिहास

१/
शिवजयंती किंवा शिवप्रतापदिन जवळ आला की तरुणांच्या गटांत एक यादी फिरू लागते : नाव, उंची, छातीचे माप, आगाऊ रक्कम. पंचवीस नावे भरली की विक्रेता सवलत देतो आणि पंचवीस एकसारखी ‘शिवकालीन चिलखते’ खोक्यांत भरून येतात. यामागचे प्रेम खरे असते. जे येते ते मात्र शिवकालीन नसते आणि पुष्कळदा चिलखतही नसते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तरी हे थांबले पाहिजे. का, ते पाहू.

२/
खोक्यातून बहुधा काय निघते? फायबरचा किंवा पातळ पत्र्याचा छातीपट, त्यावर सिंहाचे मुख, खांद्यांवर एकावर एक चढवलेल्या आडव्या पट्ट्या, मनगटाला रेक्झिनचे पट्टे. खांद्यांवरच्या त्या पट्ट्या रोमन सैनिकाच्या आहेत. स्नायूंचा आकार दिलेला छातीपटही तिकडचाच. रोमवरच्या चित्रपटांतून तो आपल्या पडद्यावर आला, पडद्यावरून भाड्याच्या पोशाखांत आणि तिथून मिरवणुकीत. मावळखोऱ्याशी त्याचा संबंध इतकाच.

३/
दख्खनमध्ये संरक्षक वेशाचे मुख्यतः तीन प्रकार होते. पहिला, लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले जाळीचे चिलखत. दुसरा, अशाच जाळीत छातीवर व पाठीवर पोलादी पट्ट्या बसवलेले चिलखत, जे समोरून उघडते. तिसरा, कापूस भरून दाट शिवलेला जाड अंगरखा. ‘जिरेटोप’ या शब्दातला ‘जिरे’ म्हणजे ‘जिरह’, अर्थात कड्यांची जाळी. शब्द आपण रोज उच्चारतो. त्यातले लोखंड मात्र विसरलो.

४/
‘पुरावाच शिल्लक नाही, मग कसेही केले तरी काय बिघडले?’ हा आक्षेप नेहमी येतो. तो खरा नाही. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि त्यानंतर अदोनीच्या मोहिमेतून बिकानेरचे अनुपसिंह यांच्याकडे दख्खनी चिलखते गेली. त्यांतील काहींवर ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरे आहेत आणि ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. मिरजेचा किल्ला ज्या आदिलशाहीकडे होता, त्याच दख्खनी परंपरेच्या या वस्तू आहेत. नमुना हवा असेल तर तो उपलब्ध आहे.

५/
आता मूळ प्रश्न. चिलखत घालत कोण होते? प्रत्येक मावळा नक्कीच नाही. कड्यांचे चिलखत ही महाग आणि वेळखाऊ वस्तू होती. सरदार, मानकरी, ऐपतदार शिलेदार यांच्या अंगावर ती शोभे. डोंगर चढून जाणाऱ्या पायदळाचे बळ वेगात होते. डोक्याला मुंडासे, कमरेला पटका, गुडघ्यापर्यंतचा चोळणा, हातात ढाल आणि तलवार किंवा भाला. बहुतेकांची लढाई एवढ्यावरच झाली.

६/
समकालीन चित्रे पाहावीत. निकोलाओ मनुचीने १६८६ पूर्वी करवून घेतलेल्या चित्रसंग्रहात शिवाजी महाराज घोड्यावर आहेत आणि सोबत पायी चालणारे शस्त्रधारी आहेत. गोवळकोंडा शैलीतील त्या काळातल्या चित्रांत महाराजांच्या अंगावर जामा आणि कमरेला पटका दिसतो. सिंहमुखी छातीपट एकाही चित्रात नाही. चित्रकाराने जे पाहिले किंवा ऐकले ते आपण मानत नाही आणि कॅटलॉगमध्ये जे छापले ते मानतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे शोभत नाही.

७/
साताऱ्याच्या मातीतले चिलखताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण प्रतापगडाचे. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९. अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली टोप घातला होता, असे मराठी परंपरा सांगते. त्या दिवशी चिलखताचे सारे सामर्थ्य ते न दिसण्यात होते. आज त्याच गडाच्या पायथ्याशी चिलखत मिरवण्यासाठी घातले जाते. हा फरक लहान नाही.

८/
प्रत्येक मावळ्याला पोलादी छातीपट चढवल्याने त्याचा गौरव होतो, असे मानले जाते. घडते उलटेच. शेत सोडून आलेला, अंगावर सुती कपडा असलेला माणूस जिरह-बख्तर घातलेल्या शत्रूसमोर उभा राहिला, हे त्याचे धाडस. त्याच्या अंगावर आपण कल्पनेतले पोलाद घातले की ते धाडस स्वस्त होते. मिरवणुकीच्या कडेला बापाच्या खांद्यावर बसून पाहणाऱ्या मुलाला वाटते की हे सारे संरक्षित योद्धे होते. त्या मुलाला आपण चुकीचा पूर्वज दाखवतो.

९/
सामूहिक खरेदी ही काही नवी गोष्ट नाही. मराठी फौजेत दोन वाटा होत्या. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येई. बारगिराला घोडा व सामान सरकारी पागेतून मिळे. सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे : २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि प्रत्येक २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद.

१०/
या तपशिलात मोठा धडा आहे. २५ घोडी एकत्र ठेवायची तर पाणी कोण देणार आणि नाल कोण ठोकणार, हे आधी ठरले पाहिजे, हे त्या व्यवस्थेला कळत होते. आजच्या यादीत पंचवीस छातीपट असतात. तुटलेली कडी जोडणारा, पट्टा शिवणारा, गंज काढणारा एकही नसतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते सामान मंडळाच्या खोलीत एका कोपऱ्यात पडते आणि तिसऱ्या वर्षी नवी यादी फिरते.

११/
एकसारखेपणाचेही तसेच. पंचवीस जणांचा एकच साचा ही घाऊक विक्रीची सोय आहे. शिलेदारांच्या फौजेत असा गणवेश नव्हता. एकाची ढाल कातडी, दुसऱ्याची पोलादी. एकाच्या हाती धोप, दुसऱ्याच्या हाती पट्टा. गणवेशातल्या पलटणी महादजी शिंद्यांच्या काळात द बॉयनच्या कवायती फौजेत दिसू लागतात. तिथे शतक बदललेले असते. सवलतीसाठी सतराव्या शतकाला गणवेश शिवणे म्हणजे इतिहासाला घाऊक भाव लावणे.

१२/
आता वस्तूकडे वळू. कड्यांच्या चिलखतात साधारणपणे प्रत्येक कडी आजूबाजूच्या चार कड्यांत ओवलेली असते. चांगल्या कामात कडीची टोके चपटी करून, एकावर एक ठेवून, त्यांत बारीक रिव्हेट ठोकलेले असते. पुष्कळदा एक ओळ अखंड कड्यांची व एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची असते. स्वस्त नकलेत कडीची दोन टोके नुसती एकमेकींना भिडवलेली असतात. ओढ बसली की ती उघडतात. वर जस्ताचा मुलामा असतो, ती चकाकी सतराव्या शतकातली नव्हे.

१३/
खऱ्या कामाचा हिशेब करून पाहावा. एका अंगरख्यात २५,००० कड्या धरल्या आणि त्यांतल्या निम्म्या रिव्हेटच्या असल्या, तर १२,५०० रिव्हेट. एकाला एक मिनिट धरले तरी २०८ तास, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे २६ दिवस. यात तार ओढणे, गुंडाळणे, कापणे आणि विणणे धरलेले नाही. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला की दोन गोष्टी कळतात : चिलखत थोड्यांच्याच अंगावर का असे, आणि ‘अस्सल चिलखत, स्वस्त दरात’ या जाहिरातीत अस्सल काय असू शकते.

१४/
‘मग मागवायचे तरी कुठून?’ बाहेरून मागवण्यात पाप नाही. मराठ्यांनी युरोपी पाती घेतली, त्यांना आपल्या धाटणीची मूठ बसवली आणि तिला फिरंग हे नाव दिले. पाते परके, मूठ व वापर आपला. आज देहरादूनची १९४३ पासूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी जगभरच्या हौशी लोकांना ऐतिहासिक शस्त्रांच्या व चिलखतांच्या प्रतिकृती पुरवते. भारतात कौशल्य आहे. युरोपचा ग्राहक त्याला आपल्या इतिहासाचा नमुना देतो. आपण त्याच्याच उरलेल्या साच्यांवर भगवा पटका बांधतो. तक्रार कारखान्याविषयी नाही. मागणी लिहिणाऱ्याविषयी आहे.

१५/
मागणी कशी लिहावी, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. हेड्रियनच्या भिंतीजवळच्या कॉर्ब्रिज येथे १९६४ मध्ये रोमन चिलखतांचे सुटे भाग उत्खननात सापडले. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रसंग्रहाचे अभ्यासक एच. रसेल रॉबिन्सन यांनी त्यांवरून चिलखताची पुनर्रचना केली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या अर्माइन स्ट्रीट गार्ड या हौशी गटाने आपला वेश अशा संशोधनावर बेतला. आधी सापडलेली वस्तू, मग मोजमाप, मग प्रतिकृती. हौशी मंडळी होती, पण क्रम चुकला नाही.

१६/
याच रॉबिन्सन यांनी १९६७ मध्ये आशियाई चिलखतांवरही ग्रंथ लिहिला आणि त्यात भारत आहे. त्याआधी १८८० मध्ये एगर्टन यांनी भारतीय शस्त्रांची सचित्र सूची छापली होती. परक्यांनी आपली चिलखते मोजली, रेखाटली, छापली. सातारा-सांगलीतल्या किती गटांनी साताऱ्याच्या संग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात परवानगी काढून, मोजपट्टी घेऊन एक दिवस घालवला आहे? पैसे गोळा करण्याआधीचे काम ते आहे.

१७/
साताऱ्याला प्रामाणिक पाटीचा धडाही नुकताच मिळाला. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून गेलेली. ती अफझलखानाच्या भेटीतलीच आहेत असे सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले होते. लोकांनी तरीही रांगा लावल्या. सत्य सांगितल्याने गर्दी कमी होत नाही. मग आपल्या वेशावर ‘काल्पनिक’ ही पाटी लावायला भीती कसली?

१८/
आता सांगलीकडे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याची कीर्ती देशभर आहे आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये घडवणाऱ्या घराण्यांचे मूळ शिकलगारांत आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार व झिलई देणारे, ती दुरुस्त करणारे कारागीर. राज्ये गेली, हत्यारांचे काम आटले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी हात भोपळ्याच्या तंबोऱ्याकडे वळवला. ज्या हातांनी पोलाद सांभाळले त्यांनी सूर सांभाळला.

१९/
त्या कारागिरांना पुन्हा लोहारकामाला लावा, असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा वेगळा आहे. मागणी संपली की कला वाट बदलते किंवा मरते, हे मिरजेने आपल्या डोळ्यांदेखत दाखवले. पंचवीस जणांनी एकत्र केलेली रक्कम ही आजच्या काळातली मागणीच आहे. ती फायबरच्या साच्याला द्यायची की हाताने कडी जोडू शकणाऱ्या माणसाला, एवढाच निर्णय गटाच्या हाती असतो. आणि तो निर्णय दरवर्षी त्याच बाजूने लागतो.

२०/
‘इकडे असे काम करणारे आहेतच कुठे?’ याच सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये, औंध संस्थानच्या कुंडलच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर घडवले. आज मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे हात कमी नाहीत. तार सळईवर गुंडाळून स्प्रिंग होते. तीच गुंडाळी एका रेषेत कापली की कड्या होतात. अवघड आहे ते विणणे आणि रिव्हेट मारणे. ते गटातल्या चौघांनी शिकून घ्यावे. हिवाळाभर पुरेल इतके काम आहे.

२१/
कापूस भरलेल्या अंगरख्याचे तर आणखी सोपे. १५२० च्या सुमारास पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएसने विजयनगरच्या सैनिकांच्या अशा जाड शिवणीच्या अंगरख्यांचे वर्णन केले आहे. दक्षिणेतल्या उष्ण हवेत ते वापरात होते, हे पुरेसे बोलके आहे. थरावर थर ठेवून दाट धावदोरा घालणे ही गोधडीची कला आहे आणि गोधडी शिवणाऱ्या बायका माण-खटावपासून जतपर्यंत गावोगाव आहेत. इतिहासाच्या गटांनी त्यांचे दार अजून ठोठावलेले दिसत नाही.

२२/
तेव्हा पंचवीस चिलखते मागवू नयेत. एकच मागवावे किंवा करवून घ्यावे : रिव्हेटच्या कड्यांचे, दख्खनी नमुन्यावरून मोजलेले, एका सरदारासाठी. तळबीडचे हंबीरराव मोहिते, भोसऱ्याचे प्रतापराव गुजर ही सातारा जिल्ह्याची नावे आहेत. त्यांच्या तोलाच्या माणसाच्या अंगावर ते शोभेल. चार-पाच जणांना कापसाचे अंगरखे. बाकीच्यांना मुंडासे, चोळणा, पटका, ढाल. एक पखालजी. एक नालबंद. ही झाली फौज.

२३/
‘असे केले तर लोक पाहणारच नाहीत.’ पखाल खांद्यावर घेतलेला माणूस मिरवणुकीत आजवर कितींनी पाहिला आहे? त्याच्यापाशी मुले थांबतील आणि विचारतील, ‘हा कोण?’ फायबरच्या सिंहाला कोणी प्रश्न विचारत नाही, त्याच्यासोबत फक्त फोटो काढला जातो. ज्या वेशाने प्रश्न निर्माण होतो तो वेश शिकवतो. शिवाय हा सारा संच पंचवीस छातीपटांपेक्षा महागच पडेल असेही नाही, कारण खर्चाचा मोठा भाग एकाच वस्तूवर होतो आणि ती वर्षानुवर्षे टिकते.

२४/
‘भावना महत्त्वाची, अचूकता हा पुस्तकी हट्ट’ असेही ऐकू येते. भावनेला कोणाचा विरोध नाही. घरातल्या वेशभूषा स्पर्धेत मुलाने पुठ्ठ्याचा टोप घातला तर त्यात गैर काय? परंतु त्याच वस्तूवर ‘शिवकालीन’ असा शब्द लिहून रस्त्यावर उतरले की तो इतिहासाविषयीचा दावा होतो. दाव्याला पुरावा लागतो. महाराजांच्या नावाने केलेल्या दाव्याला तर अधिकच लागतो.

२५/
खरेदीचे काही नियम अटळ आहेत. आधी मोजमापासह रेखाटन. मग वीतभर जाळीचा नमुना, तो हाताने ओढून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम नाही. प्रत्येकाला पावती. हिशेब दोघांच्या हाती. चिलखताचा भार एकट्या खांद्यांवर येऊ नये म्हणून कमरेला घट्ट पटका. पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात. जुनी, शंभर वर्षांवरची वस्तू ‘मूळ चिलखत’ म्हणून कोणी विकू पाहत असेल तर थांबावे. तिला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो.

२६/
तलवारींविषयी स्पष्टच. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या आणि २०१६ च्या नियमांच्या कक्षेत येतात. ‘कलम ४/२५ प्रमाणे गुन्हा दाखल’ ही बातमी महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत नवी नाही. त्यात नाव येते ते विशी-बाविशीतल्या मुलाचे. सामूहिक खरेदीत धारदार पाते कधीही नसावे. सवलतीपायी कोणाची नोकरी आणि पासपोर्ट पणाला लावण्याचा अधिकार गटाला नाही.

२७/
पुढच्या हंगामाची यादी लवकरच फिरेल. नाव, उंची, छाती, रक्कम हे रकाने असतीलच. त्यांत आणखी एक आखावा : ‘पुरावा’. ही वस्तू कोणत्या संग्रहालयातल्या, कोणत्या चित्रातल्या, कोणत्या लेखी नोंदीतल्या नमुन्यावरून केली, हे त्यात लिहावे. ज्या वस्तूपुढे तो रकाना रिकामा राहील ती यादीतून खोडावी. पंचवीसपैकी वीस वस्तू खोडल्या गेल्या तर उरलेल्या पाच घेऊन गड चढावा.